हिमघुबड दक्षिणेकडे का येतं? थंडी, उपासमार की आणखी काही?

मंजिरी_ओ | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी,

आम्ही ओंटारियोत किंग्स्टनजवळ राहतो. इथून फेरीबोटीने ॲमहर्स्ट बेटावर जाता येतं आणि हिवाळ्यात तिथे घुबडं बघायला लोक लांबून लांबून येतात. या आठवड्यात तिथल्या शेतांमधल्या रस्त्यावर आम्हाला हिमघुबड दिसलं. कुंपणाच्या खांबावर, भर दुपारी. वारा असा होता की गाडीची काच खाली करवत नव्हती. अंगावर काळपट आडव्या रेघा भरपूर, चेहरा मात्र पांढराशुभ्र, डोळे जवळजवळ मिटलेले. मधेच त्याने मान पार मागे फिरवली, शेताच्या पलीकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. आम्ही गाडीतूनच पाहिलं आणि पुढे गेलो.

परतताना बोटीवर एक स्थानिक आजी भेटल्या. त्या म्हणाल्या, "बिचारी उपाशी असतात. तिकडे खायला उरलं नाही की इकडे मरायला येतात." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. खरंच असं असतं का? की तिकडची थंडी सोसत नाही म्हणून येतात? आणि हा पक्षी एरवी, म्हणजे उन्हाळ्यात, नक्की जगतो कसा? इथे पक्ष्यांमधले जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारतेय.

तळ्याकाठी | ११ जानेवारी

छान विषय. वाचतेय.

उत्तरायण | ११ जानेवारी

मंजिरीताई, आजींनी सांगितलं ते इकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातंय. पुस्तकांतसुद्धा तसंच छापलेलं असायचं: लेमिंग संपले, घुबडं उपाशी पडली, दक्षिणेकडे निघाली. गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासाने हे चित्र बरंचसं उलटं केलंय.

लेमिंग हा टुंड्रावरचा उंदराच्या जातकुळीतला छोटा, गुबगुबीत प्राणी. त्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या चक्रात चढते-उतरते. चढतीच्या वर्षी हिमघुबडाची मादी सात, नऊ, क्वचित अकरा अंडी घालते. उतरतीच्या वर्षी तीन-चार, किंवा एकही नाही. आता चढतीचं वर्ष संपून हिवाळा आला की त्या भागात एकदम शेकडो नवी पिल्लं स्वतंत्र झालेली असतात. ती पांगतात, आणि त्यातली बरीचशी दक्षिणेला येतात. तुम्ही पाहिलेलं रेघारेघांचं घुबड बहुधा गेल्याच उन्हाळ्यातलं पिल्लू किंवा तरुण मादी असणार.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात पूर्व अमेरिका-कॅनडात हिमघुबडांची मोठी लाट आली होती. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात उत्तर क्वेबेकमधल्या एका घरट्याचा फोटो काढला गेला होता. मधे पिल्लं, आणि घरट्याच्या काठाने गोल रचून ठेवलेले मेलेले लेमिंग. मोजले तर ७० लेमिंग आणि ८ व्होल (हेही उंदरासारखेच प्राणी)! नराने आणून टाकलेला साठा. पिल्लांना खाऊन संपत नव्हता इतका. त्या लाटेचं मूळ या भरल्या घरट्यांत होतं.

पुढे लाटेच्या वर्षांत पकडून वजन केलेल्या घुबडांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातही बहुतेक पक्षी चांगले धष्टपुष्ट निघाले. उपासमारीने मरणारी असतातच, पहिल्याच हिवाळ्यात शिकार न जमलेली. पण लाट येण्याचं कारण ते नाही.

मंजिरी_ओ | ११ जानेवारी

७० लेमिंग! वाचून खूप बरं वाटलं. आजींना पुन्हा भेटले तर नक्की सांगेन.

गणिताचा_मास्तर | ११ जानेवारी

उत्तरायण, एक शंका. चांगल्या वर्षी नऊ-नऊ पिल्लं होत असतील तर दहा-बारा वर्षांत सगळा टुंड्रा घुबडांनी भरून जायला हवा. तसं होत नाही, म्हणजे गळती जबरदस्त असणार. ती नेमकी कुठे होते? आणि एका घुबडाला लेमिंग लागतात तरी किती?

उत्तरायण | १२ जानेवारी

मास्तर, दिवसाला तीन ते पाच लेमिंग धरा. वर्षाचा हिशेब १६०० च्या आसपास सांगतात. आता नऊ पिल्लं, आई आणि बाबा अशा घराला एका उन्हाळ्यात किती लागत असतील त्याचं गणित तुम्हीच करा. आणि ही सगळी शिकार बराच काळ एकटा नर करतो. मादी अंड्यांवरून उठत नाही, कारण उठली तर अंडी गोठायची. ३०-३२ दिवस ती बसून, आणि नर आणून भरवतोय.

गळतीचं म्हणाल तर ती घरट्यापासूनच सुरू होते. मादी सगळी अंडी घालून होईपर्यंत थांबत नाही, पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. दोन अंड्यांत साधारण दोन दिवसांचं अंतर. म्हणजे नऊ अंडी असतील तर थोरलं पिल्लू दोन आठवड्यांचं झालेलं असतं तेव्हा धाकटं अंड्यातून बाहेर येतं. अन्न भरपूर असेल तर सगळी जगतात. कमी पडलं तर धाकटी मागे पडतात, थोरली तरी तगतात. मग पहिला हिवाळा, त्यात पुष्कळ जातात. आणि जी मोठी होतात ती काही दर वर्षी वीण करत नाहीत. अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक (आधीचं बॅरो) इथे डेन्व्हर होल्ट १९९२ पासून घरटी मोजताहेत. काही उन्हाळ्यांत डझनांनी घरटी, काही उन्हाळ्यांत एकही नाही.

पिंगळा_रत्नागिरी | १२ जानेवारी

आमच्याकडे गव्हाणी घुबड देवळाच्या माळ्यावर असतं, ते तिन्हीसांजेनंतरच बाहेर पडतं. पिंगळा त्यातल्या त्यात उजेडात दिसतो. हे हिमघुबड भर दुपारी खांबावर बसलेलं, म्हणजे याला दिवसा नीट दिसतं का?

शांभवी_ग | १२ जानेवारी

पिंगळादादा, उत्तम दिसतं. दिसावंच लागतं. उत्कियाग्विकला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट सुरू होईपर्यंत सूर्य मावळतच नाही. नेमका पिल्लं वाढवायचा काळ तोच. रात्रीची वाट बघत बसलं तर घर उपाशी मरेल. त्यामुळे हे घुबड उजेडात, संधिप्रकाशात आणि हिवाळ्यातल्या अंधारात, सगळ्या वेळी शिकार करतं. बसायची जागा मात्र उघड्यावर, थोडी उंच, चहूकडे नजर जाईल अशी लागते. टुंड्रावर झाडं नाहीत, मग उंचवटा शोधायचा. दक्षिणेत आल्यावर कुंपणाचे खांब, गवताचे भारे, विजेचे खांब, काहीही चालतं.

घरटंसुद्धा उंचवट्यावरच. काड्या नाहीत, अस्तर नाही, जमिनीत नखांनी उकरलेला उथळ खळगा. वाऱ्याने उंचवट्यावरचं बर्फ लवकर उडून जातं, म्हणून मे महिन्यात आजूबाजूला सगळं पांढरं असताना ती जागा कोरडी मिळते. कोल्हा आला तरी लांबून दिसतो. असे चांगले उंचवटे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि घुबडांच्या विष्ठेच्या खतामुळे तिथलं गवत आसपासच्यापेक्षा हिरवंगार असतं.

कॅलगरीकर | १२ जानेवारी

थंडीच्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. थंडी सोसत नाही म्हणून येतात, हे तर अजिबात नाही. मी एका पक्षी पुनर्वसन केंद्रात स्वयंसेवक म्हणून काम करतो. तिथे गाडीची धडक लागलेलं हिमघुबड आलं होतं, त्याचे पाय हातात धरायची वेळ आली. पाय कुठे संपतात आणि नखं कुठे सुरू होतात ते कळत नाही, इतकी पिसं. लोकरीचे मोजे घातल्यासारखे. तळव्याची गादी बाजूला केली तेव्हा कुठे खालची कातडी दिसली. चोचीच्या मुळाशीही राठ केसांसारखी पिसं, चोचीचं फक्त टोक बाहेर. काळी वाकडी नखं तेवढी उघडी.

अंगावरच्या पिसांत बोटं घातली तर पेरापर्यंत आत जातात. हातात दिसतो एवढा थोरला पक्षी, पण आतलं शरीर बरंच लहान. या पिसाऱ्याची ऊब धरून ठेवायची ताकद मोजली गेली आहे, ती ध्रुवीय कोल्ह्याच्या आणि ॲडेली पेंग्विनच्या तोडीची निघाली. उणे चाळीसला हा पक्षी नुसता वाऱ्याच्या आडोशाला बर्फात बसून राहतो. कमी हलायचं, ऊब टिकवायची, संधी मिळाली की झडप.

मादी दोन किलोच्या वर, नर त्याहून हलका. पंखांचा पसारा दीड मीटरच्या घरात. एवढं वजन हेसुद्धा थंडीवरचंच उत्तर आहे.

तळ्याकाठी | १२ जानेवारी

कॅलगरीकर, ते घुबड वाचलं का?

कॅलगरीकर | १२ जानेवारी

वाचलं. पंखाचं हाड सांधलं, मार्च संपताना सोडलं. उत्तरेकडेच उडालं.

माळरान | १३ जानेवारी

चर्चा छान चालू आहे, पण मला एक गोष्ट खटकतेय. उत्तरायण यांचा प्रतिसाद वाचून कुणाला वाटेल की या पक्ष्याचं सगळं आबादीआबाद आहे. २०१७ मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या जातींची जागतिक यादी ठेवणारी संस्था) हिमघुबडाला 'असुरक्षित' गटात टाकलं. त्याआधी ते 'चिंता नसलेल्या' गटात होतं. लाटा येतात म्हणून पक्षी मजेत आहे असा अर्थ काढणं धोक्याचं आहे. लोक म्हणतील, एवढी घुबडं येताहेत, मग संरक्षण कशाला?

उत्तरायण | १३ जानेवारी

माळरान, तुमची काळजी पटते. लाट म्हणजे त्या एका भागात एका उन्हाळ्यात विपुल अन्न होतं, इतकंच. अख्ख्या जातीचं बरं चाललंय की नाही हे त्यावरून कळत नाही.

पूर्वी जगात जवळपास तीन लाख हिमघुबडं आहेत असा अंदाज दिला जायचा. तो कसा काढला होता? काही चांगल्या ठिकाणी घरटी मोजायची आणि तेवढीच दाटी सगळ्या टुंड्रावर असेल असं धरून गुणाकार करायचा. गुणाकार फसला, कारण पक्षी एका जागी राहतच नाही. या वर्षी अलास्कात मोजलेलं घुबड पुढच्या वेळी कॅनडातही मोजलं जाऊ शकतं. सुधारित अंदाज २८,००० च्या आसपास आला, आणि तोही कदाचित जास्तच असेल असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. दहा पटींचा फरक!

कॅनडाच्या बायलॉट बेटावर लाव्हाल विद्यापीठाच्या लोकांनी २००७ मध्ये माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. एका उन्हाळ्यातलं घरटं आणि पुढच्या उन्हाळ्यातलं घरटं यांत सरासरी अंतर निघालं ७२५ किलोमीटर. एका मादीने तर २,००० किलोमीटरपेक्षाही लांब जाऊन घर केलं. वसंतात या माद्या आठवडेच्या आठवडे टुंड्रा धुंडाळत फिरतात, लेमिंग भरपूर दिसले की तिथेच थांबतात. माझ्या मते या पक्ष्याचं सर्वांत मोठं सामर्थ्य हेच. पिसं, नखं, डोळे सगळं आहेच, पण कायमचं घर न धरणं हे त्याच्या जगण्याच्या मुळाशी आहे. आणि म्हणूनच त्याला वाचवणं अवघड आहे. एखादं अभयारण्य आखून हा पक्षी वाचणार नाही. त्याला अख्खा टुंड्रा लागतो, आणि त्या टुंड्रावर कुठे ना कुठे लेमिंग चढतीला असावे लागतात.

गणिताचा_मास्तर | १३ जानेवारी

हे फारच आवडलं. आणि तो गुणाकाराचा मुद्दा मी वर्गात सांगणार आहे. नमुना निवडताना काय चुकतं त्याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

अमोल_नागपूर | १३ जानेवारी

लेमिंग म्हणजे तेच ना, जे झुंडीने कड्यावरून उड्या मारून आत्महत्या करतात?

शांभवी_ग | १३ जानेवारी

अमोल, ती निव्वळ दंतकथा आहे. संख्या फार वाढली की ते नव्या जागेच्या शोधात निघतात, वाटेत नदी-तलाव पोहून जायचा प्रयत्न करतात आणि काही बुडतात. १९५८ च्या एका माहितीपटात ते 'आत्महत्येचं' दृश्य चक्क लेमिंगना ढकलून चित्रित केलं होतं.

अमोल_नागपूर | १३ जानेवारी

बिचारे! इतकी वर्षं त्यांच्यावर आळ.

माळरान | १३ जानेवारी

लेमिंगचा विषय निघालाच आहे तर खरं संकट तिथेच आहे. लेमिंग हिवाळ्यात झोपत नाहीत. जमीन आणि बर्फ यांच्या मधल्या पोकळीत बोगदे करून राहतात, तिथेच गवत-शेवाळ खातात आणि बर्फाखालीच पिल्लंसुद्धा घालतात. वरचं बर्फ जाड, भुसभुशीत आणि कोरडं असेल तर आत ऊब राहते. आता हिवाळ्यात मधेच हवा उबदार होते, पाऊस पडतो, तो पुन्हा गोठतो. जमिनीलगत बर्फाची कडक पापडी धरते. पोकळी बंद, अन्न बंद. चढतीचं वर्ष येतच नाही.

नॉर्वेतल्या फिन्से भागात १९९४ नंतर लेमिंगची चढतीची वर्षं बंद पडली आणि त्याचा संबंध बर्फाच्या बदललेल्या स्वरूपाशी लावला गेला. ईशान्य ग्रीनलँडमध्ये ट्रेल बेटावर बेन्वा सिटलर १९८८ पासून लेमिंगची हिवाळी घरटी मोजत आले आहेत. तिथे चार शिकारी: स्टोट (मुंगसासारखा छोटा प्राणी), ध्रुवीय कोल्हा, लांब शेपटीचा स्कुआ (समुद्रपक्षी) आणि हिमघुबड. पहिली दहा-बारा वर्षं चक्र घड्याळासारखं चाललं. २००० च्या सुमाराला ते कोसळलं आणि त्याबरोबर तिथली घुबडांची वीण जवळपास संपली. कोल्हा दुसरं काही खाऊन भागवतो. घुबडाला पिल्लं वाढवायला लेमिंगचा पूरच लागतो.

स्कॉटलंडची_वहिनी | १४ जानेवारी

माळरान, लेमिंगच लागतात असं मात्र नाही हं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर लेमिंग नाहीतच, तरी तिथल्या फेटलर बेटावर १९६७ ते १९७५ हिमघुबडांनी ओळीने घरटी केली. ब्रिटनमधली नोंदलेली ती पहिली वीण. पक्षीनिरीक्षक बॉबी टलक यांना ते घरटं सापडलं आणि मग रात्रंदिवस पहारा बसवला होता. लोक अंडी चोरतील ही भीती. घुबडं खायची मुख्यतः ससे, शिवाय पाणथळीतले पक्षी.

त्याचा शेवट फार वाईट वाटणारा आहे. नर एकच होता, आणि १९७५ च्या त्या शेवटच्या विणीनंतर तो नाहीसा झाला. माद्या पुढे काही वर्षं त्या बेटांवर दिसत राहिल्या, पण दुसरा नर काही आला नाही.

गणिताचा_मास्तर | १४ जानेवारी

म्हणजे उत्तरायण आणि माळरान दोघांच्या 'लेमिंगशिवाय वीण नाही' या विधानाला अपवाद मिळाला.

उत्तरायण | १४ जानेवारी

अपवाद आहेच, आणि महत्त्वाचा आहे. पोटापुरतं तर हे घुबड काहीही खातं: ससे, टार्मिगन (तितरासारखे पक्षी), बदकं, गल (कुरव पक्षी), मासेसुद्धा. पण टुंड्रावर नऊ पिल्लं एकदम वाढवता येतील इतकं, इतक्या जवळ, इतक्या सहज मिळणारं दुसरं काही नाही. फेटलरवर सशांनी ती जागा भरून काढली. एका बेटावर, एका नराच्या जोरावर, नऊ वर्षं. त्यावर जात टिकत नाही.

बोस्टनची_सई | १४ जानेवारी

आमच्या बोस्टनच्या लोगन विमानतळावर दर हिवाळ्यात हिमघुबडं येतात. सपाट, झाडं नाहीत, आखूड गवत, समुद्राकाठ, उंदीर आणि बदकं हाताशी. त्यांच्या दृष्टीने तो टुंड्राच. मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन या निसर्गसंस्थेचे नॉर्मन स्मिथ १९८१ पासून ती घुबडं पकडून, पायात कडी घालून, दूर किनाऱ्यावर नेऊन सोडत आले आहेत. अशी शेकडो घुबडं त्यांनी हलवली. याउलट न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर डिसेंबर २०१३ मध्ये तीन हिमघुबडं गोळ्या घालून मारली होती. लोक इतके संतापले की लगेच धोरण बदलून तिथेही पकडून सोडायचं ठरलं. बोस्टनला तेच काम तीस वर्षं नीट चाललेलं असताना हे घडावं याचा मला अजून राग येतो.

धनेश_वेडा | १५ जानेवारी

मी फोटोग्राफर आहे, मिशिगनला असतो. सगळे आमच्यावर चिडतात म्हणून स्पष्टच विचारतो. इथे काही जण दुकानातून पांढरे उंदीर आणून घुबडासमोर सोडतात, झेपावतानाचा फोटो मिळतो. मी स्वतः करत नाही, पण त्यात पक्ष्याचं नुकसान काय? त्याला आयतं खायला मिळतंय. उलट मदतच नाही का?

कॅलगरीकर | १५ जानेवारी

नाही, धनेश. आमच्याकडे येणाऱ्या हिमघुबडांत सर्वांत जास्त गाडीच्या धडकेची असतात. उंदीर सोडणारा माणूस सोडतो कुठे? रस्त्याच्या कडेला, कारण गाडी तिथे उभी आहे. पहिल्याच वर्षीचं पिल्लू, त्याने आयुष्यात रस्ता पाहिलेला नाही. त्याला दोन आठवड्यांत कळतं की गाडी थांबली की खाणं मिळतं. पुढची गाडी थांबत नाही.

टुंड्रावरून आलेल्या पक्ष्याला माणूस, तारा, ट्रक, यातलं काहीच माहीत नसतं. मेलेल्या घुबडांच्या शवविच्छेदनात उंदीर मारायच्या औषधाचे अंश सापडतात ते वेगळंच. आपल्या भागात येऊन ती ज्या कारणांनी मरतात त्यातली बरीचशी आपण केलेली आहेत. त्यात अजून एकाची भर नको.

पिंगळा_रत्नागिरी | १५ जानेवारी

कॅलगरीकरांना अनुमोदन. आपल्याकडेही नदीकाठी गलना शेव-गाठ्या फेकून फोटो काढतात. पक्ष्याला ते पचतंय की नाही हे कुणी बघत नाही.

धनेश_वेडा | १५ जानेवारी

रस्त्याचा मुद्दा पटला. आमच्या ग्रुपवर हा प्रतिसाद भाषांतर करून टाकतो, चालेल ना?

कॅलगरीकर | १५ जानेवारी

अवश्य.

बोस्टनची_सई | १५ जानेवारी

प्रतिसाद काढून टाकला आहे. दोनदा पडला होता.

आबा_पुरंदर | १६ जानेवारी

थोडं अवांतर. आमच्या भागात घुबड दिसलं की लोक अजून तोंड फिरवतात. दिवाळीच्या सुमाराला अघोरी विद्येसाठी घुबडं मारण्याचे प्रकार देशात होतात. हे थांबावं म्हणून इला फाउंडेशनने आमच्या पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला घुबड महोत्सव सुरू केला. गावोगावची पोरं येतात, चित्रं काढतात, घुबड किती उंदीर मारतं ते शिकतात. २०१९ मध्ये पुण्यात जागतिक घुबड परिषदसुद्धा भरली होती. हे हिमघुबडाचं सगळं मी आमच्या शाळेतल्या मुलांना वाचून दाखवणार आहे. दोन प्रश्न मुलांच्या वतीने: नर-मादी ओळखायचे कसे, आणि पिल्लं उडायला कधी लागतात?

शांभवी_ग | १६ जानेवारी

आबा, मुलांना जरूर सांगा. म्हातारा नर जवळजवळ पूर्ण पांढरा. मादीच्या अंगावर काळपट रेघा, वयाबरोबर कमी होतात. तरुण मादी सर्वांत जास्त रेघांची. फरक इतका की १७५८ मध्ये लिनियसने पांढऱ्या आणि रेघांच्या पक्ष्याला दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. रेघांचं काम उन्हाळ्यात कळतं. अर्धवट वितळलेल्या बर्फात, दगड-शेवाळाच्या ठिपक्यांत अंड्यांवर बसलेली मादी चटकन दिसत नाही.

पिल्लं अंड्यातून पांढरी निघतात, काही दिवसांत गडद राखाडी होतात. साधारण तीन आठवड्यांची झाली की उडता येत नसतानाच चालत घरटं सोडतात आणि एकेक करून टुंड्रावर पांगतात. सगळी एका जागी असतील तर कोल्ह्याला एका फेरीत सगळी मिळतील, पांगली तर नाही. आईबाप प्रत्येकाला शोधून भरवतात. उडायला सात आठवडे लागतात. या काळात नराच्या जवळ जायची सोय नाही, माणूस असो की लांडगा, तो सरळ डोक्यावर झेपावतो.

मुलांना हे नक्की आवडेल: रशियाच्या रँगल बेटावर स्नो गूज हंस मुद्दाम हिमघुबडाच्या घरट्याभोवती आपली घरटी करतात. घुबड कोल्ह्याला आपल्या परिसरात फिरकू देत नाही, त्यामुळे हंसांची अंडी आपोआप राखली जातात. रशियातल्याच तैमीरमध्ये ब्रेंट हंसही हेच करतात. शिकारी पक्ष्याच्या दाराशी राहणं त्यांना परवडतं, कोल्ह्याच्या शेजाराला राहणं परवडत नाही.

आबा_पुरंदर | १६ जानेवारी

झकास! वर्गात याचं नाटुकलं बसवतो.

मंजिरी_ओ | १७ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही कळेल असं वाटलं नव्हतं. एक धागा सुटा राहिलाय. सगळीच हिमघुबडं दक्षिणेला येत नाहीत ना? मग बाकीची हिवाळ्यात असतात कुठे? तिथे तर तेव्हा अंधार, आणि लेमिंग बर्फाखाली.

उत्तरायण | १७ जानेवारी

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उरलेलं उत्तर यातच आहे.

बायलॉटच्या त्या माद्यांपैकी बहुतेक जणी हिवाळ्यात दक्षिणेला आल्याच नाहीत. आर्क्टिकमध्येच राहिल्या, आणि बराच काळ चक्क गोठलेल्या समुद्रावर. समुद्राच्या बर्फात प्रवाहांमुळे काही जागी पाणी उघडं राहतं. त्या पाण्यात आयडर बदकांसारखे समुद्रपक्षी दाटीने थांबतात. घुबड बर्फाच्या काठावर बसून त्यांची शिकार करतं. टुंड्रावर उंदरांमागे असणारा पक्षी हिवाळ्यातले आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढतो हे त्याआधी कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं.

दक्षिणेतही असंच दिसलं. २०१३-१४ च्या लाटेतच 'प्रोजेक्ट स्नोस्टॉर्म' हा घुबडांचा माग काढणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवतात, ते मोबाइलच्या टॉवरवरून माहिती पाठवतात. पक्षी उत्तरेला टॉवरच्या पलीकडे गेला तर माहिती साठून राहते आणि पुढच्या हिवाळ्यात परत आला की एकदम येते. त्यातून कळलं की काही घुबडं ग्रेट लेक्सच्या बर्फावर मैलोन् मैल आत राहून भेगांमधले पाणपक्षी मारतात. काठावरून कुणाला दिसणारच नाहीत.

तेव्हा थंडीपासून पळणारा हा पक्षी नव्हे. अनुभवी असतो तो बऱ्याचदा वरच राहतो, खाली येतात ती मुख्यतः पोरं. आणि समुद्राचा बर्फ कमी होत गेला तर हिवाळ्यातली ही सोयही जाईल, ही माळरान यांच्या यादीत घालायची आणखी एक काळजी.

माळरान | १७ जानेवारी

घातली. आणि उत्तरायण, आपल्यात आता मतभेद उरलाय असं वाटत नाही.

मंजिरी_ओ | १७ जानेवारी

फेब्रुवारीत आई-बाबा येताहेत पुण्याहून. बाबांना घुबड दाखवायचंय, पण त्याला त्रास न देता. किती अंतर ठेवू?

कॅलगरीकर | १७ जानेवारी

गाडीतच बसा, इंजिन बंद. घुबड तुमच्याकडे टक लावून बघायला लागलं, अंग ताठ केलं किंवा पुढे झुकलं तर तुम्ही फार जवळ आहात, मागे व्हा. डोळे मिटून बसलेलं असेल तर ठीक. दिवसभर एकाच खांबावर आहे म्हणून आजारी समजू नका. पंख लोंबत असेल किंवा माणूस अगदी जवळ गेला तरी हलत नसेल, तरच जवळच्या पुनर्वसन केंद्राला फोन करा, स्वतः उचलू नका. आणि नेमकी जागा त्याच दिवशी फेसबुकवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते.

बाबांसाठी ८x४२ ची दुर्बीण घ्या. हातमोजे घालून फिरवता येईल असं फोकसचं चाक आहे ना ते दुकानातच बघून घ्या.